जुन्या ॲटलासचं मोल ठरवण्याआधी पट्ट्या मोजा

जुना ॲटलास घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?" मी पुस्तकबांधणीचं काम करते, किंमत ठरवणं माझ्या हातात नाही. पण जाणकार संग्राहक ज्या खुणा बघून किंमत ठरवतो, त्यातल्या बहुतेक मला पुस्तक टेबलावर उघडलं की दिसतात. त्या नकाशाच्या दर्शनी बाजूला फारशा नसतात. शिलाईत असतात, पानाच्या पाठीवर असतात, कडेला असतात. म्हणून मी सांगते तो क्रम तसाच धरा.

आधी हात साबणाने धुऊन अगदी कोरडे करा. हातमोजे नकोत. कापडातून कागदाची कड बोटाला लागत नाही आणि जुनं पान तिथेच फाटतं. पुस्तकाच्या दोन्ही पुठ्ठ्यांखाली टॉवेलच्या घड्या द्या, म्हणजे ते पूर्ण आडवं पसरणार नाही आणि पाठ तडकणार नाही.

आता मोजणी. मोठ्या ॲटलासमध्ये नकाशा एका अख्ख्या तावावर छापलेला असतो. तो मधोमध दुमडून घडीच्या मागे कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवतात आणि शिलाई त्या पट्टीतून घेतात, नकाशातून नाही. त्यामुळे नकाशा कुणी कापून नेला तरी पट्टी मागे राहते, झाड तोडल्यावर खुंट राहावा तशी. दोन पानांच्या बेचक्यात बोटाचं टोक वरून खाली फिरवा. पट्ट्या मोजा, नकाशे मोजा, दोन्ही आकडे अनुक्रमणिकेशी जुळवा. अनुक्रमणिका लॅटिनमध्ये असली तरी घाबरू नका, नावं आणि आकडे जुळवायला भाषा यावी लागत नाही.

माझ्याकडे एकदा एक सुंदर ॲटलास पाठ बदलायला आला होता. घेताना तो "संपूर्ण" म्हणून घेतलेला. शिलाई उसवली तेव्हा एका पट्टीला काहीच चिकटलेलं नव्हतं. अनुक्रमणिकेत बघितलं, अमेरिका गेलेली. मालकांना ते सांगताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पट्ट्या मोजल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. जगाचा नकाशा आणि अमेरिकेचे नकाशे सुटे विकायला सोपे, म्हणून आधी तेच जातात. २००५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बाइनेके ग्रंथालयात जमिनीवर पडलेलं एक ब्लेड सापडलं आणि त्यावरून नकाशांचा एक व्यापारी पकडला गेला. पुढे त्याने निरनिराळ्या संग्रहांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. म्हणून पानांवर ग्रंथालयाचा शिक्का किंवा शिक्का खरवडल्याची जागा दिसली, तर तो ग्रंथ तिथून रीतसर बाहेर पडल्याचा कागद मागायचाच.

मोजणी जुळली की प्रत्येक पान उजेडासमोर धरा. सुमारे १७५० पर्यंतच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. एखाद्याच पानाच्या रेघांचं अंतर शेजाऱ्यांपेक्षा वेगळं असेल, तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आलेलं किंवा नंतर बनवलेलं असू शकतं. मग भिंग घ्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकाशाची रेघ सलग असते, शाई किंचित उठलेली लागते आणि नकाशाभोवती पत्रा दाबला गेल्याची चौकट कागदात उमटलेली असते. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते अलीकडचं पुनर्मुद्रण. तिथेच थांबा.

रंगावर मात्र थोडा वेळ घालवा, कारण नजर इथेच जास्त फसते. पूर्वी नकाशे काळे छापून हाताने रंगवत. त्या काळातला हिरवा बहुधा तांब्यापासून केलेला असे आणि तो शतकानुशतकं कागद खात राहतो. पान उलटून बघा. हिरव्या भागाच्या बरोबर मागे तपकिरी सावली उतरली असेल, तर रंग जुना असण्याची शक्यता मोठी. पुढून ताजा हिरवा आणि मागे कोरा पांढरा कागद, तर रंग नंतर भरला असावा. जुना रंग किंमत वाढवतो. पण तोच हिरवा कागद कुरकुरीत करून तडे पाडत असेल, तर ती दुखण्याची सुरुवात आहे. अशी घडी परत परत उघडू नका.

कोणता ॲटलास, हा प्रश्न मी यानंतर घेते. नुसतं वय कामाचं नाही. एकोणिसाव्या शतकातले शाळेचे ॲटलास अमाप छापले गेले, त्यांना मागणी बेताचीच. संग्राहक ज्यांच्या मागे असतात त्यातला एक नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियसचा 'थिएट्रम ऑर्बिस टेरारम'. तो आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये १५७० साली ५३ तावांवर निघाला आणि पहिला आधुनिक ॲटलास मानला जातो. 'ॲटलास' हे नाव मात्र मर्केटर या नकाशाकाराच्या ग्रंथाने रूढ केलं, तो त्याच्या मृत्यूनंतर १५९५ मध्ये आला. डच नकाशाकार योहान ब्लाऊच्या 'ॲटलास मेयर'च्या १६६२ च्या लॅटिन आवृत्तीचे ११ खंड आणि जवळजवळ ६०० नकाशे. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या 'भूगोल' ग्रंथाची इटलीतल्या बोलोन्यात निघालेली १४७७ ची आवृत्ती म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेला पहिला ॲटलास. तिची एक प्रत २००६ साली लंडनच्या लिलावात वीस लाख पौंडांच्या वर गेली.

ऑर्टेलियसच्या आवृत्त्या अनेक भाषांत आणि चाळीस वर्षं निघत राहिल्या, म्हणून 'ऑर्टेलियस आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. नकाशाच्या पाठीवरचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, पान क्रमांक काय, ओळी कुठे तुटतात, यावरून आवृत्ती ओळखतात. त्याच्या जगाच्या नकाशाचे तर तीन पत्रे झाले. पहिल्याला खालच्या डाव्या कोपऱ्यात तडा गेला आणि तो नंतरच्या छापांत रेघेसारखा उमटतो. तिसऱ्यावर १५८७ हे साल कोरलेलं आहे, आणि आधीच्या पत्र्यांवर दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला असलेला मोठा फुगवटा त्यावर नाही. हा फुगवटा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलंच नाही. माणूस आपली चूक शोधतो आणि नवा पत्रा कोरतो, हे हाताखाली दिसत होतं.

साल छापलेलं नसेल तर नकाशालाच विचारा. कॅलिफोर्निया बेट दाखवलं असेल तर बहुधा सतरावं शतक किंवा अठराव्याचा पूर्वार्ध. टास्मानिया ऑस्ट्रेलियाला चिकटलेला असेल तर नकाशा काढणाऱ्याला १७९८ नंतरची माहिती नव्हती. सुएझ कालवा वापरात दाखवलेला असेल तर १८६९ च्या आधीचा नाही. मात्र जुने पत्रे पन्नास-पन्नास वर्षं छापत असत. नव्यात नवी खूण शोधा, 'याच्या आधीचा नाही' एवढंच ती खात्रीने सांगते.

आता काय करायचं नाही ते. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि काढताना शाईही उचलतो. लॅमिनेशन नाही. डाग धुणं नाही. फिकट नकाशे हौसेने रंगवणं तर नाहीच. नवी बांधणीही विचारपूर्वक. मूळ पुठ्ठे असलेली थकलेली प्रत संग्राहकाला चकचकीत नव्या कातड्यापेक्षा बहुधा जास्त हवी असते. माझ्या पोटावर पाय येईल असं हे बोलणं, तरी ते खरं आहे.

आणि कुणी म्हणेल की सुटे नकाशे विकले तर जास्त मिळतील. संपूर्ण प्रत असेल तर कृपा करून फोडू नका. फोडलेली प्रत परत कुणी जोडू शकत नाही, मीसुद्धा नाही.

घरात ठेवताना आडवा ठेवा, वर दुसरं वजन नको. ऊन नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. तिची सततची चढउतार कागदाला जास्त छळते. कसर लागल्याची ताजी भुकटी दिसली तर तो ग्रंथ लगेच बाकीच्या पुस्तकांपासून वेगळा करा.

जाणकाराकडे जाण्याआधी फोटो काढा: शीर्षकपान, अनुक्रमणिका, जगाचा नकाशा पुढून आणि मागून, पुठ्ठ्याची आतली बाजू, आणि प्रत्येक रिकामी पट्टी. पाठीचे तुकडे गळाले असतील तर पाकिटात घालून सोबत न्या. अशाच पाठीच्या चामड्याच्या एका चिंधीवर मला एकदा जुन्या मालकाचं नाव मिळालं होतं.