दालनात आधी खुर्ची, मग बाकी सगळं

संग्रहालयातली गर्दी म्हणजे शाळेची सहल, हे गणित फार वर्षं टिकणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.० वर आला. लोकसंख्या जेवढ्यास तेवढी राहायला २.१ लागतो. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले शंभरात साडेआठच्या आसपास होते. २०५० पर्यंत ते विसाच्या वर जातील, असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत आजच फक्त आजी-आजोबा उरलेत. त्यांच्याजवळ वेळ आहे, बडोदा संग्रहालयाची कमाटी बाग जवळ आहे. अडतं ते गुडघ्यांवर, डोळ्यांवर आणि लघवीच्या घाईवर. त्यामुळे टचस्क्रीनचं कोटेशन मागवण्याआधी पुढची कामं करा.

पहिल्या दिवशी एक चाकाची खुर्ची, मोजपट्टी आणि खडू घ्या. रिक्षा थांबते तिथून शेवटच्या दालनापर्यंत खुर्ची ढकलत जा आणि जिथे अडेल तिथे खूण करा. दार निदान ९० सेंटीमीटर मोकळं हवं, खुर्ची वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर जागा हवी. उताराचं प्रमाण एकास बारा ठेवा: १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांब फळी लागते. दोन फुटी फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यावरून खुर्ची उलटते. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूत भिंतीला वा पायरीला खिळासुद्धा ठोकता येत नाही. तिथे उचलून ठेवता येणारी लाकडी फळी वापरायची, तीही पुरातत्त्व खात्याला विचारून. जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठी वरच्या भित्तिचित्रांचे मोठे छापील फोटो तळमजल्यावर टेबलावर मांडा. ही मोजणी करून घ्यायला बडोद्याइतकं सोयीचं गाव नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथले विद्यार्थी बोलवा.

आता बसण्याचं. बिनपाठीचं गुळगुळीत बाकडं फोटोत छान दिसतं, पण सत्तरीच्या माणसाला त्यावरून उठता येत नाही. बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच, पाठ सरळ आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची घ्या. उठताना सगळा भार त्या हातांवर येतो. दर २० ते २५ मीटरवर एक खुर्ची, आणि तीही वस्तूच्या समोर. कोपऱ्यात ठेवली तर माणूस बसतो आणि भिंत बघतो. रंग फरशीहून वेगळा निवडा, नाहीतर मंद दृष्टीला ती दिसतच नाही. अजून एक: नव्या खुर्चीवर दुसऱ्या दिवसापासून पहारेकरी बसायला लागतो. त्याला बोलू नका, दिवसभर उभं राहणं त्यालाही झेपत नाही. त्याला त्याची वेगळी खुर्ची द्या.

खरी ओढाताण उजेडाची. लघुचित्रं, वस्त्रं, जलरंग यांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड टाकायचा नाही, कारण उडालेला रंग परत येत नाही. पण साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. भर दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाला ५० लक्सचं दालन म्हणजे अंधारी खोलीच. पहिली ठेच दारातच लागते. उपाय दिवा वाढवण्यात नाही. बाहेरचा ओटा आणि चित्रांचं दालन यांच्यामध्ये १५० ते २०० लक्सचा एक टप्पा करा, तिथे दोन खुर्च्या ठेवा, पाचेक मिनिटं बसवा आणि तेवढ्यात काय बघायचं आहे ते सांगा. चित्रावरचा दिवा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत लावा. त्याहून आडवा झाला की काचेत चित्राऐवजी दिवा दिसतो. फरशीला चकाकणारं पॉलिश नको, ती ओली वाटते. दारातलं काळं पायपुसणंही काढा: स्मृतिभ्रंश झालेल्या काहींना तो खड्डा वाटतो आणि ते पाय उचलत नाहीत.

पाट्या गुडघ्याच्या उंचीवर लावू नका. भिंतीवरच्या पाटीचा मध्य १३५ ते १४० सेंटीमीटरवर ठेवला तर उभ्यालाही वाचता येते, चाकाच्या खुर्चीतल्यालाही. देवनागरीला वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असल्यामुळे इंग्रजीच्याच मापात छापली की ती गिचमिड होते. अक्षर दोन मापं मोठं घ्या आणि ओळींत हवा सोडा. गुजराती आणि इंग्रजी पाटीशेजारी मराठी मावत नसेल तर २४ पॉइंटात छापलेला मराठी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून दाराशी ठेवा.

मधुमेह गृहीतच धरा. दालनात खाणं बंद असतं ते योग्यच, कणांमागून झुरळं आणि कसर येते. पण दाराबाहेर एक जागा आणि तिकीट खिडकीवर ग्लुकोज हवंच. घाम, थरथर, गोंधळ ही रक्तातली साखर फार उतरल्याची लक्षणं. ती दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी उतार नसेल तर पुन्हा द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. स्वच्छतागृहाची खूण प्रत्येक दालनातून दिसली पाहिजे. ती नसली की माणसं घरून पाणी न पिता येतात, आणि बडोद्याच्या उन्हात चक्कर तिथेच येते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी वेगळी फेरी ठेवा: सहा ते आठ जण, प्रत्येकासोबत घरचं माणूस, सकाळी अकराची वेळ (संध्याकाळी गोंधळ वाढतो), एकूण तासभर, चारच वस्तू. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ पासून अशा छोट्या गटांच्या फेऱ्या चालवल्या. बडोदा संग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्यापासून सुरुवात सोयीची, कारण तो लांबूनही दिसतो आणि पाटी वाचावी लागत नाही. फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची नऊवारीतली बाई पुरते. ‘हे आठवतं का?’ असं कधी विचारू नका, ती परीक्षा होते. ‘काय दिसतंय? ही कुठे निघाली असेल?’ एवढंच विचारा आणि उत्तर यायला पुरतं थांबा. हातात द्यायला अडकित्ता, पितळी डबा, पैठणीचा काठ बाजारातून आणा, संग्रहालयाच्या नोंदवहीतली वस्तू नको. अडकित्त्याची धार बोथट करून घ्या. आणि बोलणारा मराठी हवा: आयुष्यभर बाजारात आणि ऑफिसात सराईत गुजराती बोललेल्या माणसाचीही नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी विरते, घरातली मागे उरते.

फेरी झाली की घरच्यांना दोनच गोष्टी विचारून वहीत लिहा: कुठल्या वस्तूपाशी ते आपणहून बोलले, आणि कुठे ‘घरी चला’ म्हणाले. पुढच्या खेपेला पहिलीपाशी खुर्ची वाढवा. दुसऱ्या ठिकाणी बहुधा आवाज, झळ किंवा झगमगाट सापडतो.