नवतपा लागण्याआधी घरची तयारी

नागपूरकराला उन्हाळा शिकवण्याची गरज नसते. माठ येतो, कूलर माळ्यावरून उतरतो, कैऱ्या आणि कांदे घरात पडलेले असतात, बाहेर निघताना डोक्याला दुपट्टा बांधला जातो. त्यावर येथे शब्द खर्च करत नाही. ही यादी त्या मोजक्या दिवसांसाठी आहे, ज्यांत पारा ४५ च्या वर जाऊन तेथेच ठाण मांडतो, संध्याकाळी वादळ सुटून झाडे तारांवर पडतात किंवा सगळ्या वस्तीचे कूलर एकाच वेळी चालल्याने रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसते, आणि घरात म्हातारी माणसे व लहान मुले असताना रात्र विजेवाचून काढावी लागते.

आपण सगळी तयारी दुपारची करतो, पण माणूस खचतो तो रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंती मध्यरात्र उलटली तरी उष्णता सोडत राहतात. अशा खोलीत वारा नसेल तर झोप लागत नाही, शरीराला निवायला उसंत मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन आधीच दमलेल्या माणसाच्या अंगावर येते. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांना पोहोचले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते आणि ४७ ला तीव्र लाट. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पाहिले आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तो २५ मेच्या सुमारास, आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे मानलेले नऊ दिवस, तेव्हापासून मोजतात. म्हणून पुष्कळ घरांत तयारीही मे अर्धा सरल्यावर सुरू होते. तोवर चांगला इलेक्ट्रिशियन हाती लागत नाही आणि कूलरच्या चांगल्या ताट्या संपलेल्या असतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कामाला लागावे.

पहिले काम इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी पाहण्याचे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी बाकी सर्व काही झाले होते, हेच राहिले. वादळाने वीज गेली, पंखे काही वेळ फिरले, मग इन्व्हर्टर टीं-टीं करू लागला आणि बंद पडला. पुढची सारी रात्र आईच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत आणि पुठ्ठ्याने वारा घालत काढावी लागली. त्या रात्री आईला काही झाले नाही, पण होऊ शकले असते, आणि कारण इतके साधे होते की त्याचा राग अजून जात नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो.

घरोघरी असलेल्या ट्यूब्युलर बॅटरीवर सहा झाकणे असतात आणि प्रत्येक झाकणातून एक बारीक तरंगती दांडी वर आलेली दिसते. पाणी पुरेसे असेल तर दांडीवरची हिरवी खूण दिसते. पाणी खाली गेले की दांडी खाली बसते आणि लाल खूण येते. सहाही झाकणे एकेक करून पाहावीत, कारण पाच हिरवी आणि एक लाल असली तरी बॅटरी त्या एका लालच्याच बळावर चालते. हिवाळ्यात वीज फारशी जात नाही, बॅटरी कोपऱ्यात किंवा जिन्याखाली पडून असते, चार्जिंग चालू असते, पाणी हळूहळू आटते आणि कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात ते आटण्याचा वेग वाढतो. पाण्याखालच्या शिशाच्या पट्ट्या (प्लेट्स) उघड्या पडल्या की त्यांचा तो भाग निकामी होतो आणि नंतर कितीही पाणी घातले तरी बॅटरी पूर्वीसारखी होत नाही.

भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचे पाणी चालत नाही, आरओचेही चालत नाही, कारण त्यातही क्षार उरतात. एसीतून ठिबकणारे पाणी बाटलीत जमवून तेच ओतणारे लोक मी पाहिले आहेत, तेही करू नये. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकेच पाणी घालावे, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्यावी आणि मग हिरव्या खुणेपर्यंत भरावे, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेले पाणी आम्लासकट बाहेर येते. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत, जवळ उदबत्तीसुद्धा नको, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर इन्व्हर्टर बंद करून ती कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावी आणि व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पाच लिटरचा एक कॅन घरात जास्तीचा असावा. एप्रिल, मे आणि जून या तिन्ही महिन्यांत तारीख ठरवून झाकणे पाहावीत. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो तेथेच ती तारीख लिहावी.

पाणी भरून झाले म्हणजे काम संपले असे नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी मुख्य स्विच बंद करून रात्री जे जे लागेल ते तासभर इन्व्हर्टरवर चालवून पाहावे. बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात बरेच कमी. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३०, तर मोठा कूलर १५० ते २५० वॅट. म्हणजे रात्र काढायची असेल तर इन्व्हर्टरवर पंखे चालवावेत, आणि घरातील आजारी माणसाच्या खोलीतला एक पंखा बीएलडीसीचा करून घेतला तर तेवढ्याच बॅटरीत त्याचे तास दुपटीहून अधिक होतात. टीव्ही, वाय-फाय आणि तीन खोल्यांतले दिवे त्याच बॅटरीवर सोडून देणे थांबवले पाहिजे. तासाभरात इन्व्हर्टर ओरडू लागला तर बॅटरी गेली आहे. ती एप्रिलमध्ये बदलता येते, मेच्या शेवटच्या आठवड्यात रांगेत उभे राहावे लागते.

आता घराविषयी. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात एप्रिलमध्येच मारून घ्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालच्या खोलीत त्याचा फरक हाताला जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा तट्टी लावावी. आतल्या पडद्याचा उपयोग त्या मानाने थोडा, कारण काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडद्यामागे खोलीतच राहते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडक्या बंद आणि बाहेरची हवा निवल्यावर सताड उघड्या, हा क्रम मोडू नये. घरातली सर्वांत थंड खोली कोणती हे आधीच ठरवावे, मग ती देवघराची असो की धान्याची, आणि लाटेच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांची खाट तेथे हलवावी. त्यांना जागा बदलणे आवडत नाही, त्यामुळे हे बोलणे आधी होऊन गेलेले बरे.

कूलरबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते: पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसे मरतात, दर उन्हाळ्यात अशा बातम्या विदर्भातून येतात, आणि तरीही दोन पिनांच्या प्लगवर कूलर चालवणारी घरे आहेत. तीन पिनांचा प्लग, तपासलेली अर्थिंग आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे उपकरण) एवढे झाल्याशिवाय कूलर सुरू करू नये. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते, ते दाबून आरसीसीबी खरोखर पडते का, म्हणजे वीज तोडते का, हे पाहावे. पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढावा, पायांत रबरी चप्पल असावी, आणि मुलांना त्या पत्र्याला हात लावू देऊ नये. कूलरच्या मागे खिडकी उघडी आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, नुसते पाणी उपसून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलरचा थंडावा ओसरतो. तेव्हा पुन्हा पंखाच उरतो, आणि पंखा पुन्हा बॅटरीतल्या पाण्यावर अवलंबून असतो.

पाण्याचे पाहू. पेंच आणि कन्हानचे पाणी नळाला येते खरे, पण वीज गेली की ते गच्चीवर चढवणारा पंप थांबतो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेण्याजोगे नसते. म्हणून दोन मोठ्या बादल्या किंवा एक ड्रम न्हाणीघरात सावलीत भरून ठेवावा. अंग पुसायला, ओल्या पट्ट्यांना आणि अडल्यावर कूलरला तेच कामी येते. पिण्याचे पाणी वेगळे, झाकलेले.

औषधांकडे मात्र पुरेसा वेळ द्यावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधे यांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होऊ शकते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. एप्रिलमध्ये डॉक्टरांना भेटून लाटेच्या दिवसांत मात्रा बदलायची का, पाणी किती प्यायचे, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सरसकट लागू होत नाही. घरात इन्सुलिन असेल तर फ्रीजवर विसंबू नये. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, त्यापुढे काय करायचे ते ठरलेले असावे. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून तीत लहान मडके बसवावे, इन्सुलिन कोरड्या डबीत घालून आत ठेवावे आणि वर ओले फडके टाकावे. आपल्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम चालते. इन्सुलिनला बर्फ टेकवू नये, गोठले की ते वाया गेले.

ओआरएसची पाकिटे घरात असावीतच. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नको. एकदा केलेले २४ तासांत संपवावे. पन्हे आणि ताक आहेच.

लाट आली की हवामान खात्याचा इशारा पाहावा. प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. फिरत्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. ३० मे २०२४ रोजी येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो संवेदकाचा बिघाड असल्याचे नंतर खात्यानेच सांगितले. नारिंगी किंवा लाल इशारा दिसला की त्याच संध्याकाळी फोन आणि टॉर्च चार्ज करावेत, ड्रम भरावा आणि बॅटरीची झाकणे पुन्हा एकदा पाहावीत. आठ दिवसांपूर्वी पाहिली होती म्हणून सोडू नये, पाहावीत. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावा.

एखाद्याचे बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळू लागली, अंग भट्टीसारखे तापले, मग घाम येत असो वा नसो, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नये: कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. हा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही, तिच्यात वेळ दवडू नये.

रात्री वीज गेली तर एकाच खोलीत सर्वांनी झोपावे, एकच पंखा चालवावा, चादर भिजवून पिळून दारात टांगावी. म्हाताऱ्या माणसाला दर दोन तासांनी उठवून दोन घोट पाजावेत आणि त्याच्याशी बोलून पाहावे. शेजारी कोणी एकटे असेल तर त्यांच्या घराची एक किल्ली आपल्याकडे असावी.

लाट ओसरली की वापरलेल्या ओआरएसच्या जागी नवी पाकिटे, कूलरची टाकी कोरडी, आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अर्ध्याखाली गेला असेल तर दुसरा आणून ठेवावा.