ओल्या कचऱ्याचं खत : या चुका टाळा

दह्याचा डबा घासूनपुसून सुक्या कचऱ्यात टाकायचा आणि ताटातलं उरलेलं अन्न मात्र मिश्र पिशवीत. हे बघून बघून डोकं उठतं. कचराभूमीतला मिथेन त्या डब्यातून येत नाही. तो येतो अन्न, पालापाचोळा, कागद आणि पुठ्ठ्यातून, कारण ढिगाखाली दबल्यावर ते हवेविना सडतात. वीस वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 80 पट उष्णता धरून ठेवतो. दक्षिण कोरियाने 2005 सालीच अन्नाचा कचरा थेट कचराभूमीत टाकायला बंदी केली.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार : सुकं, म्हणजे वाळका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा, न घालता ओलं भरत जाणं. आमच्या इमारतीत एका उत्साही शेजाऱ्यांनी खताचं पिंप आणलं. लवकर खत करणारी कुठलीशी पावडर टाकली, वास नको म्हणून झाकण घट्ट लावलं आणि रोज वर ओला कचरा ओतत राहिले. पालापाचोळा घाला म्हटलं, तर म्हणे जागा अडते. काही दिवसांत खालून काळं पाणी झिरपायला लागलं, सडक्या अंड्याचा वास जिन्यात चढला आणि सभेत खापर फुटलं ते खतप्रकल्पावर! शेवटी सगळं ताडपत्रीवर उपसलं, फाडलेला पुठ्ठा आणि वाळका पाला मिसळला, पिंपाला भोकं पाडली. वास दोन-तीन दिवसांत गेला. पावडरीने हवा आत जात नाही हो.

पुस्तकात कार्बन-नायट्रोजनचं (कार्बन मुख्यतः सुक्यातून, नायट्रोजन ओल्यातून) प्रमाण 25 ते 30 ला 1 असं दिलेलं असतं. मी ते मोजत बसत नाही. एक डबा ओलं टाकलं की वर दोन डबे सुकं, आणि मग मूठभर उचलून दाबायचं. धार लागली तर सुकं वाढवा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. भुगा सुटला तर पाणी शिंपडा. नाकात अमोनिया झोंबला तरी उपाय सुकंच. आठवड्यातून एकदा तळापासून ढवळा. वरवर खाजवणं म्हणजे ढवळणं नव्हे.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेले कप-चमचे घरच्या पिंपात टाकू नका. त्यातल्या बहुतेकांना मोठ्या प्रकल्पातली 55-60 अंशांची उष्णता लागते. इथे ते वर्षभर तसेच राहतात.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका. ती गाठ कुणालातरी हाताने सोडावी लागते. सोडली नाही तर अख्खी पिशवी कचराभूमीत.

तेलकट खोका सुक्या कचऱ्यात नको. स्वच्छ भाग फाडून सुक्या कचऱ्यात द्या, तेलकट भाग तुकडे करून पिंपात.

आणि बॅटऱ्या कुठल्याच कचऱ्यात नकोत. लिथियमच्या बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. त्यांच्यासाठी एक बरणी वेगळी ठेवा आणि भरली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.