जर्मन क्लायंटसोबत काम करताय? खटके कुठे उडतील ते आधीच ओळखा, या चुका टाळा

हिंजवडी-चाकण पट्ट्यात जर्मन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या टीम्स पुष्कळ. नव्याने रुजू झालेल्या मुलांना धास्ती असते ती इंग्रजीची. खरं तर इंग्रजी दोन्हीकडे परकीच, त्यामुळे तिथे दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात. खटके उडतात ते ठरावीक जागी, आणि त्या जागा प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच सांगता येतात.

न जमणाऱ्या तारखेला 'हो' म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉलवर प्रश्न येतो, "गुरुवारपर्यंत टेस्ट रिपोर्ट मिळेल?" आपला मुलगा जरा थांबून म्हणतो, "येस, वुई विल ट्राय." शेजारी बसलेल्या लीडला त्या थांबण्यातूनच कळतं की गुरुवार गेला. पलीकडे मात्र गुरुवार लिहून घेतला जातो आणि त्याच्या भरवशावर शुक्रवारची मीटिंग लागते. बुधवारी रात्री आपला मेल जातो, 'थोडा उशीर होईल', आणि सकाळी एस्कलेशन, म्हणजे थेट वरिष्ठांकडे तक्रार. त्यांना उशिराचा राग येतोच, पण आधी का सांगितलं नाही याचा त्याहून जास्त.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली हा फरक मांडला होता. काही समाजांत निम्मा अर्थ नात्यात, प्रसंगात, न बोललेल्यात असतो, काही समाजांत बोललं तेवढंच धरलं जातं. जर्मन लोकांना त्यांनी या दुसऱ्या टोकाला ठेवलं.

म्हणून तारीख देताना अट जोडून द्या, 'डेटा सोमवारी आला तर गुरुवार, नाहीतर पुढचा मंगळवार'. कॉल संपल्यावर लगेच कोण, काय, कधी एवढं लिहून पाठवा. तारीख हुकेल अशी शंका आली त्याच दिवशी कळवा. आणि इथल्या मॅनेजरांनी एक पथ्य पाळावं. मुलाने कॉलवर 'नाही जमणार' असं स्पष्ट सांगितलं, तर नंतर केबिनमध्ये बोलावून त्याला झापू नये. हे पथ्य पाळलं नाही तर वरचं सगळं पाण्यात.

शेरा अंगाला लावून घेणं

रिव्ह्यूत 'हे चूक आहे' एवढंच लिहून काम परत येतं. वर नमस्कार नाही, खाली आभार नाहीत. श्टुटगार्टच्या श्वाबेन भागात तर म्हणच आहे की रागावलो नाही, म्हणजे कौतुक झालं. (पेठेत वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये.) 'सॉरी सर' लिहून विषय मिटवू नका, त्याने त्यांचं समाधान होत नाही. चूक असेल तर दुरुस्त करा, नसेल तर कारण देऊन वाद घाला. मुद्द्याला धरून घातलेला वाद सहसा कुणी मनावर घेत नाही.

साहेबाने सगळ्यांच्या वतीने बोलणं

प्रश्न कोड लिहिणाऱ्याला विचारलेला असतो आणि उत्तर लीड देतो. इथे तो मान राखणं झालं, तिथे मात्र शंका येते की हा मुलगा खरंच यावर काम करतो ना? कोणत्या विषयावर कोण बोलणार, हे कॉलच्या आधी ठरवून टाका.

देशाचे आकडे कुंडलीसारखे वाचणं

ट्रेनिंगमध्ये देशोदेशींच्या संस्कृतींना आकडे देणारे डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांची स्लाइड हमखास असते. अधिकारातली उतरंड किती मुकाट्याने मान्य केली जाते, या मापावर भारत ७७ आणि जर्मनी ३५. खटका साधारण कुठे उडेल याचा अंदाज घ्यायला आकडा बरा, पण समोरचा माणूस त्यावरून ठरत नाही. हे आकडे मुळात एकट्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे. तेव्हाची पूर्व जर्मनी त्यात नव्हतीच. मग तिथल्याच ड्रेस्डेनच्या सहकाऱ्याला तो ३५ कसा लावणार? त्यापेक्षा त्याचे आधीचे दहा मेल वाचा. मेल अचानक आखूड व्हायला लागले, सीसीमध्ये वरिष्ठांची नावं यायला लागली, की ताण वाढतोय हे कोणत्याही स्लाइडआधी कळतं. तेव्हा मेलला मेल लावत बसू नका, फोन करा.

कॅलेंडर गृहीत धरणं

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्यांचा सकाळी ९ चा कॉल हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी दीडला, उन्हाळ्यात साडेबाराला. कॉलचं निमंत्रण भारतीय वेळेवर लावलेलं असेल, तर त्या सोमवारी एक बाजू हमखास तासभर चुकते.

सुट्ट्याही राज्यागणिक वेगळ्या. वोल्फ्सबुर्गला ३१ ऑक्टोबरची सुट्टी, श्टुटगार्टला १ नोव्हेंबरची. ही यादी त्यांच्याकडून आधीच मागून घ्या आणि आपलीही द्या. अनंत चतुर्दशीला पुण्यातले रस्ते बंद असतात, त्या दिवशी रिलीज ठेवू नका, हे त्यांना जूनमध्येच लेखी कळवा.