लॅक्स्टनच्या बांधावरून: इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या एखाद्या लहान पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या गावाचा, इतिहास शोधायचा असेल, तर सुरुवात राजांच्या वंशावळीपासून करू नये, जमिनीपासून करावी. नॉटिंगहॅमशायरमधले लॅक्स्टन हे गाव या कामासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण मध्ययुगीन पद्धतीची सामायिक शेती तिथे आजही चालू आहे.

प्रथम मार्क पियर्स याने 1635 साली काढलेला गावाचा नकाशा पाहावा. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेतांचे अरुंद पट्टे एकेक करून दाखवले असून नांगरणारी आणि कापणी करणारी माणसे इवल्या चित्रांत रेखली आहेत. हा नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवून आधी चर्च, मग रस्ते आणि मग गावाच्या उत्तरेकडील जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा अशी ओळख पटवत जावे.

त्यानंतर, शक्य असल्यास, नोव्हेंबरच्या अखेरीस गावात जावे. वेस्ट, मिल आणि साउथ या तीन मोठ्या शेतांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक असते आणि तिसरे पडीक राहते. गहू पेरलेल्या शेताची पाहणी शेतकऱ्यांमधूनच नेमलेले पंच करतात. ते पट्ट्यांच्या टोकांना खुंट्या ठोकतात आणि कोणी सामायिक गवताच्या पट्टीत नांगर घातला असेल, तर गावाचे न्यायालय त्याला दंड करते. बांध कोरण्यावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

माणसांची नावे हवी असतील, तर चर्चच्या नोंदवह्यांकडे वळावे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश 1538 साली निघाला, पण सगळ्याच गावांच्या इतक्या जुन्या वह्या टिकलेल्या नाहीत. इथे नवखे लोक हमखास एका ठिकाणी फसतात: 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे वहीत फेब्रुवारी 1640 असे लिहिले असेल, तर आपल्या हिशेबाने ते 1641 असते. टिपण करताना दोन्ही साले लिहावीत, नाहीतर विवाहानंतर जन्मलेले मूल कागदावर विवाहाआधी जन्मलेले दिसते.

1841 पासूनच्या जनगणनेत घरोघरची नावे मिळतात. 1086 ची डोम्सडे नोंद, म्हणजे राजाने करवलेल्या गावोगावच्या जमिनीच्या पाहणीतली नोंद, मात्र शेवटी वाचावी. तिच्यातले नांगर आणि कुरणे नकाशा पाहिल्यावरच डोळ्यांसमोर उभी राहतात.