ठाण्याच्या रस्त्यावर बँडवाल्यांचे फोटो काढायचेत? आधी कान लावा

जॅझवाल्यांचे फोटो म्हटलं की लोकांना वाटतं क्लब पाहिजे, धूर पाहिजे, न्यूयॉर्क पाहिजे. पण जॅझ ज्या न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मलं तिथे ब्रास बँड (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे ताफे) रस्त्यावरूनच वाजवत जायचे, आजही जातात, आणि मागून नाचत येणारी पब्लिक, म्हणजे तिथली सेकंड लाइन, हा त्या मिरवणुकीचा अर्धा जीव असतो. आता आपल्या कोळीवाड्यातली वरात डोळ्यासमोर आणा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ढोल आणि मागे अख्खी आळी! शिकायला ठाणं भरपूर आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा काढायच्या आधी दोन गाणी नुसती ऐका. गाणं कुठे चढतं, ट्रम्पेटवाला श्वास कुठे घेतो हे कळलं की बोट आपोआप वेळेवर दाबलं जातं. गाल फुगलेला फोटो सगळेच काढतात, तो काढाच, पण सूर सोडल्यावर ओठावरून ट्रम्पेट खाली येतो ना, तेव्हा चेहरा मोकळा होतो आणि खरा माणूस दिसतो. आणि जो वाजवत नाहीये त्याच्याकडे बघा. जॅझमध्ये एकाचा सोलो, म्हणजे एकट्याचं वाजवणं, चालू असताना बाकीचे कान देऊन ऐकत असतात, बँडमध्ये पण सॅक्सोफोनवाला आपली पाळी येईपर्यंत असाच ऐकत उभा असतो, मला तर तेच चेहरे जास्त आवडतात. समोरून काढू नका, माईक किंवा वाद्य तोंडावर येतं, थोडं बाजूला सरका.

उजेडाचं बोलायचं तर फ्लॅश बंद. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले फोटोग्राफर रॉय डिकॅरावा (१९१९–२००९) सॅक्सोफोनवाले जॉन कोल्ट्रेन, गायिका बिली हॉलिडे अशा जॅझवाल्यांचे फोटो काढायचे आणि त्याच नजरेने जिने, सबवे, गल्लीतली पोरं पण टिपायचे, आहे त्या उजेडात, काळोख काळोखच ठेवून. त्यांचे प्रिंट नीट बघा, गडद करड्यातसुद्धा किती काय दिसतं! आपल्याकडे रात्रीच्या वरातीत उलटं होतं, कॅमेरा अंधार बघून सगळं उजळवतो आणि सावळे चेहरे फिके पडतात, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा घ्या, कॅमेऱ्याला उजेड चेहऱ्यावरून मोजू द्या, मोबाईल असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा.

आकडे विचाराल तर ५० एमएमची एफ/१.८ लेन्स, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० पर्यंत बिनधास्त, दाणे आले तर येऊ देत. ढोलाची काठी फोटोत थांबवायची तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, हात हलता पाहिजे तर १/३०. एक भानगड मात्र आहे, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात, तेव्हा १/५० किंवा १/१०० वर या. हॉलमधल्या जॅझ मैफिलीत बेसचा सोलो चालू असेल आणि शटर वाजणार असेल तर सरळ थांबा.

वरात नाही त्या दिवशी काय? सकाळी लवकर जांभळी नाक्याला जा, फुलं-भाजीवाल्यांचा माल लागत असतो, उजेड तिरका असतो. संध्याकाळी तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. दुपारी स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या खाली, तिथे सावलीत कडेने ऊन घुसतं, त्या उन्हाच्या पट्ट्यावर फोकस लावून उभं राहायचं आणि कोण येतंय याची वाट बघायची. इथेही कान लावायचा, बस थांबली, दार उघडलं, गर्दी उतरली, याला ठेका असतोच. गुढीपाडव्याची कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा तर सोडूच नका, पण लोक रांगेत उभे राहण्याआधी पोचा, ताशा तापवणारी, फेटा बांधून घेणारी पोरं तेव्हाच मिळतात.

विचारून काढा. 'काका, एक काढू का?' म्हटलं की कोणी खेकसत नाही, लहान मुलांचा असेल तर आईबापांना विचाराच, आणि नाही म्हणाले तर विषय संपला.

फोटो बँडमास्तरांना नक्की पाठवा, फक्त व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की त्याची साइज दाबली जाते आणि त्यांना बॅनरवर छापायचा असेल तर धूसर होतो.