इंग्रजी बरोबर, पण सूर चुकला? या चुका टाळा

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत मुलाखत देऊन एक विद्यार्थिनी थेट धरमपेठेत आमच्या इंग्रजीच्या वर्गात आली. व्याकरण चोख, तरी शेरा मिळाला: बोलणं तुटक वाटतं. मी तिला मुलाखत पुन्हा वठवायला लावली. एक प्रश्न नीट ऐकू आला नाही तेव्हा ती ‘सॉरी’ म्हणाली, पण असं खाली आदळून, की विषयच संपला. ‘पुन्हा सांगता का?’ असं विचारायचं तर ‘सॉरी’ चढवावं लागतं, म्हणजे शेवटी आवाज वर न्यावा लागतो. उतरवलं की ती नुसती माफी होते.

असं फक्त आपल्याच पोरांचं होतं असं नाही. ब्रिटनमधल्या एका विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला असत. त्या ‘ग्रेव्ही’ हा शब्द उतरत्या सुरात म्हणत. त्यांच्या मनात ‘हवी का?’ असायचं, घेणाऱ्याला मात्र ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू यायचं. बायका उद्धट ठरल्या. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी 1982 साली हा प्रसंग मांडला.

मला विचाराल तर गोम आपल्या ‘का’, ‘च’, ‘तर’, ‘नं’ मध्ये आहे. हे चिमुकले शब्द मराठीत जे काम करतात, त्यातलं बरंचसं इंग्रजीत आवाजाला करावं लागतं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर तीन प्लेट समोर आल्या, की आपण म्हणतो, ‘मी दोनच सांगितल्या.’ इंग्रजीत ‘आय ऑर्डर्ड टू’ म्हणताना तो ‘च’ कुठून आणणार? ‘टू’वर आवाज उचलून तिथूनच खाली आणायचा. ‘मीच सांगितल्या’ म्हणायचं असेल तर हाच भार ‘आय’वर. आपली पोरं सगळे शब्द एकाच वजनानं मोजून देतात आणि मुद्दा हरवतो.

‘तर’चंही तसंच. ‘इट्स गुड’ सरळ उतरवलं तर कौतुक. ‘गुड’वर आवाज खाली नेऊन पुन्हा जरा वर आणला, तर ‘चांगलं तर आहे, पण…’ हे ऐकणाऱ्याला न बोलता कळतं.

प्रश्न दिसला की शेवट चढवायचा, ही सवयही सोडा. हो-नाही उत्तराचे प्रश्न सहसा चढतात. व्हॉट, व्हेअर, व्हायनं सुरू होणारे बहुधा उतरतात. मे महिन्यात नागपुरात ‘इट्स हॉट, इझंट इट’ चढवून विचारलं तर समोरचा तुमच्याकडे बघतच राहील, कारण चढता सूर म्हणजे खरीच शंका. उतरवा, म्हणजे आपलं ‘ऊन आहे नं!’ होईल.

सरावासाठी वाक्य आधी मराठीत म्हणा, ‘च’ कुठे पडतो ते बघा. मग तेच इंग्रजी वाक्य ओठ मिटून नुसतं गुणगुणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा; शब्द गेले की सूर उघडा पडतो. साहेबी हेल काढायची मुळीच गरज नाही. आणि रेकॉर्ड करताना कूलर बंद ठेवा, नाहीतर त्याचाच सूर ऐकत बसाल.